‘होईल’ की ‘होणार’? निवडणुकीच्या बातमीतला भविष्यकाळ, नव्याने डेस्कवर आलेल्यांसाठी

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात दारोदारी पडलेल्या पेपरांची मुख्य बातमी जवळपास एकच होती: उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. आदल्या संध्याकाळी शरद पवारांनी ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं सांगितलं, रात्री पानं सुटली, गठ्ठे गाड्यांत चढले. आणि आठच्या सुमाराला लोक चहाचा कप हातात घेऊन पेपर उघडत होते, तेव्हा टीव्हीवर देवेंद्र फडणवीस राजभवनात शपथ घेत होते. पुढे २६ तारखेला ते सरकार गेलं आणि २८ ला ठाकरेंचा शपथविधी झाला, म्हणजे मथळा पाच दिवसांनी खराही ठरला. पण त्या सकाळी त्या पेपरकडे बघवत नव्हतं.

चूक कुठे झाली होती? बातमीत नाही. एकमत झालं होतं, हे खरंच होतं. ‘झालं’ ते नेत्यांचं, ‘होणार’ ते आपलं. त्या एका ‘णार’ची हमी डेस्कने, म्हणजे बातम्या तपासून मथळे देणाऱ्या आपल्या विभागाने, स्वतःच्या खिशातून दिली होती.

डेस्कवर नवीन आलेल्या मुलामुलींना मी निवडणुकीच्या आधी हाच किस्सा सांगतो आणि मग खालच्या पायऱ्या. व्याकरणाचं पुस्तक म्हणून नाही, कॉपी, म्हणजे वार्ताहराने लिहून पाठवलेली बातमी, हातात आल्यावर काय बघायचं, एवढ्यापुरतं.

पहिली पायरी: हे उद्याचं वाक्य कोणाच्या हातातलं आहे?

निवडणुकीच्या बातमीतलं प्रत्येक ‘उद्या’ कोणाच्या तरी ताब्यात असतं. तारीख आयोगाच्या ताब्यात असते. मत मतदाराच्या ताब्यात. उमेदवारी पक्षश्रेष्ठींच्या ताब्यात. ‘आमच्या दोनशे जागा येतील’ हे बोलणाऱ्याच्या तोंडात, त्याच्या पलीकडे कुठेच नाही. वाक्य लिहिताना क्रियापद नंतर निवडा, आधी मालक शोधा. मालक सापडला नाही, तर बहुतेक वेळा ते वाक्य आपण स्वतःच मनाने रचलेलं असतं.

इथेच एक बारीक गोष्ट. ‘निवडणूक आयोगाने जाहीर केले’ एवढं लिहून भागत नाही. लोकसभा-विधानसभेचा आयोग वेगळा, तो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. नवख्याच्या कॉपीत हे दोघे हमखास एकमेकांच्या खुर्चीत बसलेले सापडतात.

दुसरी पायरी: हत्यारं ओळखा

शाळेत आपल्याला भविष्यकाळ म्हणून एकच खाना शिकवला: मी देईन, आम्ही देऊ, तू देशील, तुम्ही द्याल, तो देईल, ते देतील. पण दिवसभरात आपण बोलतो त्यातलं निम्मं भविष्य या खान्याबाहेरचं असतं. ‘उद्या मतदान आहे’ हे रूप वर्तमानकाळाचं, अर्थ उद्याचा. ‘निकाल लागायचा आहे’ म्हणजे अजून बाकी आहे. ‘मतदान होणार आहे’ म्हणजे ठरलेलं आहे. आणि ‘होईल’ हे यातलं सगळ्यात मोकळं रूप: त्यात अंदाज मावतो, आश्वासन मावतं, कार्यक्रमही मावतो. म्हणून ‘२० नोव्हेंबरला मतदान होईल’ आणि ‘२० नोव्हेंबरला मतदान होणार आहे’ ही दोन्ही वाक्यं बरोबर. तारखेच्या बाबतीत यावर वाद घालण्यात रात्र घालवू नका.

फरक पडतो तो माणसं आली की. ‘मी मत देईन’ हा दिलेला शब्द आहे, कधी कधी नुसता समोरच्याचं मन राखण्यापुरता. ‘मी मत देणार’ हा केलेला निश्चय. ‘मला मत द्यायचंय’ यात इच्छा आहे आणि पुढे एखादी अडचण असल्याची चाहूलही आहे. आणि ‘देऊ की’ यात काहीच नाही, तरी सगळं आहे.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळी एक नवा वार्ताहर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात फिरून आला. पारावरच्या गप्पा त्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्याने एका आजींना विचारलं, ‘कुणाला देणार मत, आजी?’ आजी म्हणाल्या, ‘ज्याला द्यायचं त्याला देणार.’ शेजारचे काका म्हणाले, ‘देऊ की. बघू. अजून लई वेळ हाय.’ तिसऱ्या बाई हसत म्हणाल्या, ‘आमचं हे सांगतील त्याला देईन, असं लिव्हा,’ आणि बाकीच्या बायकाही हसल्या. कॉपीचा मथळा होता: ‘गावकरी सत्ताधाऱ्यांना धडा शिकवणार’. मी त्याला ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकायला बसवलं. तिघांपैकी कोणीही कोणाला काहीही शिकवणार नव्हतं. आजींनी तर ‘देणार’ म्हणून निश्चय सांगितला होता आणि नाव गिळून टाकलं होतं. गुप्त मतदानाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. आम्ही तिघांची वाक्यं जशीच्या तशी छापली आणि मथळा केला: ‘“बघू, अजून लई वेळ हाय”’.

मतदाराच्या तोंडचा भविष्यकाळ शक्यतो त्याच्याच शब्दांत ठेवा, हा त्यातून घेण्याचा धडा. प्रमाण भाषेत आणताना ‘बघू’चं ‘विचार करून निर्णय घेणार’ होतं आणि माणूस पार बदलतो.

नकाराचं गणित

याला मी वेगळी पायरी देत नाही, पण चुकांच्या हिशेबात हा भाग सगळ्यात वर आहे.

मराठीत ‘होईल’ला स्वतःचा नकार नाही. ‘होईल नाही’ असं आपण म्हणत नाही. ‘मतदान होईल’चा नकार ‘मतदान होणार नाही’, आणि ‘मतदान होणार आहे’चा नकारही ‘मतदान होणार नाही’च. होकारात अंदाज आणि निश्चय यांच्यासाठी दोन रूपं हाताशी असतात. नकारात दोघांनाही एकाच दारातून जावं लागतं, आणि त्या दारावर निश्चयाचीच पाटी लटकलेली असते.

आता बातमीत काय होतं बघा. राजकीय अभ्यासक म्हणतो, ‘अमुक पक्षाला इथे जागा मिळेल असं मला वाटत नाही.’ उपसंपादक जागा वाचवायला लिहितो, ‘अमुक पक्षाला जागा मिळणार नाही’. वाटणं गेलं, निकाल लागला. म्हणून नकारात अंदाज सांगायचा असेल, तर अंदाजाचं क्रियापद सोडू नका: ‘मिळेल असे दिसत नाही’, ‘मिळण्याची शक्यता कमी’, ‘मिळेलसे वाटत नाही’. दोन शब्द वाढतात, वाढू द्या. मथळ्यात अडत असेल तर ‘जागा मिळणे अवघड’. ‘अवघड’ हा मथळ्याचा फार गुणी शब्द आहे.

उलट, नियम सांगताना हाच ठाम नकार उपयोगी पडतो. ‘मतदान केंद्रात मोबाइल वापरता येणार नाही’ इथे ‘येईलसे वाटत नाही’ लिहिणाऱ्याला घरी पाठवावं.

तिसरी पायरी: ‘मतदार मतदान करणार’ हे वाक्य कापा

प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या दिवशी हे वाक्य येतं: ‘राज्यातील ९ कोटी ७० लाख मतदार उद्या मतदानाचा हक्क बजावणार’. २०२४ च्या विधानसभेला मतदार यादीत साधारण इतकीच नावं होती. प्रत्यक्षात मतदान सुमारे ६६ टक्के झालं. म्हणजे या एका वाक्याने तीन कोटींहून अधिक लोकांना परस्पर रांगेत उभं केलं.

बरोबर वाक्यं अशी: ‘९ कोटी ७० लाख मतदारांना मतदान करता येईल’, ‘इतके मतदार मतदानास पात्र आहेत’, ‘मतदार यादीत इतकी नावे आहेत’. शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात भविष्यच नाही आणि ते शंभर टक्के खरं आहे.

‘करता येईल’ आणि ‘करू शकतील’ यांची खिचडी मात्र होऊ देऊ नका. ‘मतदारांना मतदान करता येईल’ किंवा ‘मतदार मतदान करू शकतील’. ‘मतदारांना मतदान करू शकतील’ हे दोन्ही दगडांवर पाय ठेवून पडलेलं वाक्य आहे, आणि घाईत ते चांगल्या चांगल्यांच्या हातून सुटतं.

‘शकतो’बद्दल थोडं. टीव्हीच्या पट्टीवर ‘सत्ताधाऱ्यांना बसू शकतो फटका’, ‘होऊ शकते मोठी उलथापालथ’ असली वाक्यं सतत धावत असतात. मराठीत ‘शकणे’ हे मुळात कुवतीचं क्रियापद. ते शक्यतेसाठी चालतंच नाही असं नाही, पण दर वेळी तेच घेतलं की फटका बसण्याचीही कुवत लागते असं वाटायला लागतं. ‘फटका बसण्याची चिन्हे’, ‘फटका बसेल असा अंदाज’, ‘फटका बसण्याची भीती’ हे शब्द आपल्याकडे आहेत. फक्त ‘भीती’ लिहिण्याआधी ती कोणाला वाटते हे ठरवा, कारण एकाची भीती ती दुसऱ्याची आशा.

नव्या मतदारांच्या बातमीत दुसरा घोळ असतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती; कायद्यातल्या बदलानंतर आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि पुढच्या तारखांना १८ वर्षं पूर्ण होणाऱ्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे ‘१७ वर्षांवरील तरुण मतदान करणार’ हे धडधडीत चूक. ‘१७ वर्षांवरील तरुणांना नावनोंदणीसाठी आगाऊ अर्ज करता येईल; नाव यादीत येईल ते १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच्या अर्हता तारखेनंतर’ असं सुटं करून लिहा. एका वाक्यात दोन भविष्यं असतील तर दोघांना वेगवेगळी क्रियापदं द्या.

तीच काळजी वेळेची. ‘सायंकाळी ६ वाजता मतदान संपेल’ असं लिहिलं की सहाला पाच मिनिटं असताना घरी बसलेला माणूस म्हणतो, आता कुठे जायचं. सहापर्यंत जो रांगेत येऊन उभा राहील त्याला मत देता येतं, मग रात्रीचे आठ का वाजेनात. २० मे २०२४ ला मुंबईत काही केंद्रांवर सहानंतरही रांगा हलत होत्या. ‘सायंकाळी ६ पर्यंत रांगेत आलेल्यांना मतदान करता येईल’ असंच लिहा. आणि ‘राज्यात’ हा शब्दही जपून: २०२४ च्या विधानसभेला गडचिरोलीकडच्या नक्षलग्रस्त मतदारसंघांत मतदानाची वेळ दुपारी तीनपर्यंतच होती.

चौथी पायरी: तारीख आयोगाची, पण दगडावरची नव्हे

जाहीर झालेली तारीख ‘होईल’ने लिहायला काही हरकत नाही. दर वेळी ‘सध्याच्या नियोजनानुसार’ जोडत बसलात तर बातमी आजारी वाटते. पण ‘होणारच’ नको, कारण तारखा हलतात. राजस्थानचं २०२३ चं मतदान २३ नोव्हेंबरला जाहीर झालं होतं. देवउठनी एकादशीची लग्नं निघाली आणि ते २५ वर गेलं. हरियाणाचं २०२४ चं मतदान बिश्नोई समाजाच्या उत्सवामुळे १ ऑक्टोबरवरून ५ ऑक्टोबरला सरकलं, आणि त्याबरोबर मतमोजणीही ४ वरून ८ ला. सुरत लोकसभेत तर ७ मे २०२४ ला मतदान ‘होणार’ म्हणून सगळ्यांनी छापलं होतं. एका प्रमुख उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिललाच बिनविरोध निकाल जाहीर झाला. माघारीची मुदत संपेपर्यंत एखाद्या मतदारसंघात मतदान ‘होणार’ हेसुद्धा तसं उधारीचंच वाक्य असतं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण नगरपरिषदांचं. २ डिसेंबर २०२५ ला मतदान आणि ३ ला मतमोजणी, असा कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशीच्या निकालाच्या पानांची आखणी आमच्याकडे भिंतीवर चिकटवलेली होती. मतदान चालू असतानाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला: निकाल २१ डिसेंबरला. दुपारी डेस्कवर प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकच काम, ‘उद्या’ शोधा आणि काढा.

त्या दिवशी एका रूपाची खरी किंमत कळली: ‘होणार होती’. ‘मतमोजणी ३ डिसेंबरला होणार होती, ती आता २१ डिसेंबरला होईल.’ ‘होणार होती’ म्हटलं की मराठी वाचक मनात पुरं करून घेतो, की झाली नाही. त्यामुळे जे ठरल्याप्रमाणे पार पडलं त्याला हे रूप लावू नका. ‘मतदान सकाळी सात वाजता सुरू होणार होते आणि मतदारांनी रांगा लावल्या’ असं लिहिलं तर वाचक पुढच्या ओळीत यंत्र बंद पडलेलं शोधतो. सरळ लिहा, ‘सातला मतदान सुरू झाले’. आणखी एक: नुसतं ‘होणार’ लिंग बघत नाही, ‘होणार होते’ मात्र बघतं. मतमोजणी होणार होती, निकाल लागणार होता, मतदान होणार होते. घाईत सगळ्यांचंच ‘होते’ होतं.

तारीख जाहीरच झालेली नसते तेव्हा काय? तेव्हा कारण लिहा, भविष्य आपोआप जागेवर येतं. मागच्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. ‘मुदत २६ नोव्हेंबरला संपत असल्याने त्याआधी निवडणूक होणे अपेक्षित आहे’ हे वाक्य घोषणेच्या कितीतरी महिने आधी लिहिता येत होतं आणि ते कधीच चुकलं नसतं. पण ‘अपेक्षित’लाही भाव फार देऊ नका. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात ‘पालिका निवडणूक दिवाळीनंतर होणार’ हा मथळा आम्ही इतक्या दिवाळ्यांना छापला, की शेवटी वाचकच विचारायला लागले, कुठली दिवाळी ते सांगा.

पाचवी पायरी: उमेदवार, इच्छुक आणि ‘भावी’

चौकाचौकात ‘भावी आमदार’चे फ्लेक्स लागतात. ‘भावी’ हे फ्लेक्सचं विशेषण आहे, बातमीचं नाही. बातमीत घ्यायचंच झालं तर अवतरणात. माणूस तिकीट मागतोय तोवर तो ‘इच्छुक’. पक्षाने नाव जाहीर केलं की ‘उमेदवार’, पण एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून दिलेलं पत्र) हातात पडून अर्ज दाखल होईपर्यंत त्या शब्दावरही फार भार टाकू नका. शेवटच्या तासात एबी फॉर्म दुसऱ्याच्या हातात गेल्याच्या गोष्टी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. छाननीत अर्ज वैध ठरला, माघारीची मुदत संपली, चिन्हं वाटली गेली, की मग खुशाल लिहा: ‘तिरंगी लढत होणार’. त्याआधी ‘तिरंगी लढतीची शक्यता’.

आणि निवडणूक ‘लढवणार’ लिहा. ‘निवडणूक लढणार’ कानाला सवयीचं झालंय खरं, पण निवडणूक लढवतात, कुस्ती लढतात.

सहावी पायरी: दावा दाव्यासारखाच दिसू द्या

इथे माझा एका शब्दावर राग आहे: ‘असल्याचे’. नेता म्हणतो, ‘आम्ही २०० जागा जिंकू.’ कॉपी येते: ‘पक्ष २०० जागा जिंकणार असल्याचे त्यांनी सांगितले’. व्याकरण चोख. पण ‘असल्याचे सांगितले’ ऐकताना असं वाटतं, की गोष्ट आधीपासून तशी आहेच, यांनी फक्त कळवली. ‘पाणी उद्या येणार नसल्याचे पालिकेने कळवले’ इथे हे रूप शोभतं, कारण पाणी सोडणं पालिकेच्या हातात आहे. जागा नेत्याच्या हातात नाहीत. म्हणून ‘२०० जागा जिंकू, असा दावा त्यांनी केला’, ‘असा विश्वास त्यांनी व्यक्त केला’. स्वतःच्या हातातल्या गोष्टीबद्दल मात्र ‘असल्याचे’ चालेल: ‘पक्ष स्वबळावर निवडणूक लढवणार असल्याचे त्यांनी सांगितले’. उद्या युती झाली तर वाचक त्यांनाच विचारेल.

मराठीत बोललेल्याचा काळ बदलावा लागत नाही, ही आपली मोठी सोय. ‘जिंकू, असे ते म्हणाले’. ‘जिंकू’ तसंच राहतं. इंग्रजीतून भाषांतर करणारे इथे अडखळतात आणि ‘जिंकणार होतो असे ते म्हणाले’ लिहून बसतात. म्हणजे हरल्याची कबुली!

जर-तरचंही असंच. ‘आघाडीला बहुमत मिळेल तर’ ही हिंदीच्या वळणाची वाक्यरचना आहे. आपण म्हणतो, ‘बहुमत मिळाले तर’. गोष्ट उद्याची, रूप कालचं, आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात अडचण वाटत नाही. ‘पाऊस आला तर मतदान कमी होईल.’ अपवाद ‘असणे’चा: ‘यादीत नाव असेल तरच मत देता येईल’, ‘ओळखपत्र नसेल तर आधार कार्ड, पासपोर्ट यांसारखा मान्य पुरावा दाखवावा लागेल’. इथलं ‘असेल’ उद्याचं नाहीच, आत्ताची माहिती नसल्याचं आहे. ‘दुपारपर्यंत बऱ्याच जणांनी मतदान केले असेल’ यातलंही तेच. त्यामुळे ‘असेल’ दिसलं की थांबा: हा भविष्यकाळ नाही, हा अंदाज आहे, आणि तो कोणाचा?

सातवी पायरी: इथे चूक केली तर कायदा आड येतो

मतदानोत्तर चाचण्यांचा भविष्यकाळ नुसता भाषेचा प्रश्न नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ अ नुसार पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत अशा चाचण्या छापता किंवा दाखवता येत नाहीत. २०२४ च्या लोकसभेला ही बंदी १९ एप्रिलच्या सकाळपासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत होती. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि ‘आम्ही चाचणी केलीच नाही, आमच्या गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं’ ही पळवाटही बंद आहे: ज्योतिषी आणि टॅरोवाल्यांची भाकितंही बंदीच्या काळात नकोत, असं आयोगाने २०१७ मध्ये माध्यमांना बजावलं होतं.

म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं मतदान झाल्यावर पारावर बसून ‘मत देऊन बाहेर आलेल्यांशी बोललो, इथे अमुकच येणार’ असं लिहून पाठवणाऱ्या वार्ताहराची कॉपी भाषेसाठी नव्हे, वकिलासाठी थांबवा.

बंदी उठली की आकड्यांचा पूर येतो. ४ जून २०२४ च्या लोकसभा निकालाआधी बहुतेक चाचण्यांनी रालोआला, म्हणजे भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीला, साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं होतं. मिळाल्या २९३, त्यात भाजपच्या २४०. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. त्या तीन दिवसांत ज्यांनी ‘चाचण्यांचा अंदाज: रालोआला ३५० हून अधिक जागा’ छापलं ते आजही पान दाखवू शकतात. ज्यांनी ‘रालोआला ३५० हून अधिक जागा मिळणार’ छापलं ते ते पान दाखवत नाहीत. शब्दांचा फरक केवढा, तर एक ‘अंदाज’ आत आणि एक ‘णार’ बाहेर.

मथळ्याला प्रश्नचिन्ह लावून सुटका होते, असं नव्यांना वाटतं. ‘राज्यात सत्तांतर होणार?’ वाचकाने पैसे उत्तरासाठी दिलेत. प्रश्नचिन्ह ठेवायचंच असेल तर प्रश्न खरा असू द्या: ‘अपक्ष कोणाबरोबर जाणार?’ याचं उत्तर खरोखरच त्या रात्री कोणाकडे नसतं.

मतमोजणीच्या दिवशी

सकाळी आठपासून ‘आघाडीवर’ आणि ‘पिछाडीवर’ एवढेच दोन शब्द. पाचव्या फेरीला ‘विजयी होणार’ लिहायला हात शिवशिवतात. निवडणूक निर्णय अधिकारी घोषणा करेपर्यंत ते ‘विजयाच्या दिशेने’सुद्धा नको. ‘मोजणीच्या २२ पैकी १४ फेऱ्या झाल्या, आठ बाकी’ हे लिहा. वाचकाला गणित येतं. गुलाल कार्यकर्त्यांना उधळू द्या, त्यांनी घेतलेल्या गुलालाचं बिल आपल्याला येत नाही.

छापील अंकासाठी ‘आज’ म्हणजे वाचणाऱ्याचा आज, आणि वेबसाइटसाठी ‘आज’ नकोच, तारीख घाला. ‘उद्या मतदान’ ही आमची एक बातमी तीन वर्षांनी कोणीतरी पुन्हा पसरवली आणि दिवसभर फोन येत होते.

शेवटी एक यांत्रिक काम. पान सोडण्याआधी फाइलमध्ये ‘णार’ हा शोध द्या. प्रत्येक ‘णार’पाशी थांबून विचारा, कोणी सांगितलं. ‘करणारे’, ‘येणाऱ्या’ असली विशेषणंही सापडतील, ती सोडून द्या. मागच्या निवडणुकीत एका दोन कॉलमी बातमीत मला अकरा सापडले होते. तीन ठेवले: एक तारखेचा, एक वाहतूक बदलाचा आणि एक आजीबाईंचा.